यंत्रे आली, आता सिस्टर टिकवा

दरवर्षी १५ ते २१ नोव्हेंबर हा नवजात शिशू सप्ताह पाळला जातो. त्यातच १७ तारखेला अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा जागतिक दिवस येतो. आपल्या पालघर जिल्ह्यात नेमके हेच दिवस पाड्यांवरच्या घरांना कुलपे लागण्याचे. दिवाळी सरली, भात झोडून झाले की जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबे वाडा, भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला बाहेर पडतात. त्यांच्यात पोटुशी बायका असतात, ओल्या बाळंतिणीही असतात. सातव्या-आठव्या महिन्यातच जन्माला आलेले बाळ जगवायचे कोणी, हा प्रश्न म्हणूनच या सप्ताहात इथे अधिक टोचतो.

अशा बाळांसाठी सरकारी रुग्णालयांत विशेष नवजात शिशू कक्ष आहेत. लोक त्यांना एसएनसीयू म्हणतात. जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयातही तो आहे. वजन १,८०० ग्रॅमच्या आत असलेले, श्वास लागलेले, झटके येणारे, अंग गार पडलेले बाळ तिथे येते. वॉर्मर, मॉनिटर, सलाइनचा पंप ही यंत्रे आपल्याला दिसतात. बाळ जगते ते मात्र त्या यंत्रांपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेच्या हातांवर.

तिचे काम जवळून पाहावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू कधी कधी श्वास घ्यायचेच विसरतो. वीस सेकंद जातात, ओठ निळसर होतात, मॉनिटर वाजू लागतो. सिस्टर आधी बाळाची मान सरळ करते, तळपायावर हलकी टिचकी मारते, पाठीवरून बोट फिरवते. बहुतेक वेळा तेवढ्याने बाळ पुन्हा श्वास घेते. एका रात्रीत हे कितीदा करावे लागेल, याचा नेम नसतो. प्राणवायू कमी पडून चालत नाही आणि जास्तही होऊ द्यायचा नसतो, कारण जादा प्राणवायूने कोवळ्या डोळ्यांचा पडदा दुखावतो. म्हणून रक्तातले त्याचे प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांत राखावे लागते. दर दोन तासांनी आईचे काढलेले दूध नळीने, आणि गिळायला लागले की बोंडल्याने, थेंब थेंब पाजायचे. केसाएवढ्या शिरेत सुई टिकवायची. आणि प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी पुन्हा हात धुवायचे, कारण इथे जंतुसंसर्गाइतका मोठा वैरी दुसरा नाही.

हे सगळे एका परिचारिकेने किती बाळांचे करावे? तीन ते चार, असे सरकारचाच निकष सांगतो. खाटा तेवढ्याच राहून रात्रपाळीला माणसे कमी झाली, की ज्या बाळाला टिचकी मिळायला हवी, त्याच्याकडे पोहोचायला उशीर होतो. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील अशाच कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली, सात वाचवता आली. अग्निसुरक्षेवर तेव्हा खूप बोलले गेले आणि ते आवश्यकच होते. पण अशा कक्षात रात्री जागते डोळे किती आहेत, हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे.

साधने अपुरी असली तरी माणसे काय करू शकतात, हे महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईलाच बाळाच्या शुश्रूषेत सामील करून घेतले आणि १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. जन्मल्याबरोबरच ती सुरू केल्यास कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटतात, असे भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सांगितले. पण घाबरलेल्या, थकलेल्या बाळंतिणीला धीर देऊन बाळ तिच्या छातीशी कसे धरायचे, हे शिकवते शेवटी सिस्टरच.

त्यासाठी ती जागेवर टिकायला हवी. या कामासाठी तिला चार दिवसांचे वर्ग आणि मोठ्या रुग्णालयात दोन आठवड्यांचा सराव दिला जातो. खरा हात बसतो तो पुढच्या काही महिन्यांत. नेमका तेव्हाच तिला दुसऱ्या वॉर्डात धाडले किंवा तिचे कंत्राट संपले, तर नुकसान त्या कक्षात पुढे येणाऱ्या प्रत्येक बाळाचे होते.

बाळाला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले, तर अंतरही आडवे येते. शिरगाव-सातपाटीहून पालघर हाकेच्या अंतरावर आहे. मोखाड्याच्या पाड्यावरून नाशिक तसे नाही. तलासरी-डहाणूचे पेशंट सिल्वासा-वलसाड गाठतात, बाकीचे महामार्गाच्या कोंडीतून मुंबईकडे निघतात. या वाटेवर बाळ गार पडले तर पोहोचूनही उपयोग नसतो. म्हणून रेफर करताना बाळ आईच्या छातीशी बांधलेले आणि सोबत प्रशिक्षित परिचारिका, एवढे तरी पाळले जावे. घरी सोडलेले बाळ भट्टीवर गेले, तर तिथल्या आशाताईला त्याची खबर मिळावी. बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या आशाताईंच्या गृहभेटी कुटुंबाच्या मागोमाग जायला हव्यात.

महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० मध्ये हजारी ११ होता, देशाचा २०. ही कमाई मोठी आहे, पण सरासरीत डोंगरातला पाडा दिसत नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. आरोग्य प्रशासनाने याच सप्ताहात जिल्ह्यातल्या प्रत्येक शिशू कक्षाचा तक्ता जाहीर करावा: खाटा किती, मंजूर परिचारिका किती, रात्रपाळीला प्रत्यक्ष हजर किती. रिक्त पदे भरावीत, प्रशिक्षित सिस्टरना किमान तीन वर्षे तिथून हलवू नये, कंत्राटी असतील त्यांना कायम करावे. आणि पुढच्या नोव्हेंबरात तोच तक्ता पुन्हा लोकांसमोर ठेवावा.