न्हाणीतला गुलाबी थर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खालाजान महिनाभर आमच्याकडे राहायला होत्या. मधुमेह जुना, टाचेला भेग पडलेली. पाचही वेळच्या वुजूत पाय धुतला जायचा आणि आंघोळीला वजरीने टाच घासली जायची. पाय स्वच्छ राहतोय, असेच आम्हाला वाटत होते. मग एका सकाळी पट्टीवर हिरवट पू दिसला. तपासणीत स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. औषध लिहिता लिहिता डॉक्टरांनी विचारले, “वजरी ठेवता कुठे?”

घरी येऊन पाहिले. वजरी बादलीमागे, कायम ओली. बादलीच्या तळाला गुलाबी थर, लोट्याची तोटी आतून बुळबुळीत. जंतू वजरीतूनच गेला असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण हा जंतू अशाच ओलीत वाढतो. वर्गात मुलांना तहारत शिकवणारे आम्ही! लाज वाटली.

गुलाबी थर बहुधा सेराशिया या जंतूचा असतो. १८१९ साली इटलीत पादुआजवळ मक्याच्या लापशीवर तो उगवला, तेव्हा लोकांना ते रक्त वाटले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधतज्ज्ञाने तो सजीवाचा प्रताप असल्याचे दाखवले आणि जंतूला नावही दिले. साबणाचा राहिलेला मळ आणि ओल, एवढ्यावर तो जगतो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. जखम, मधुमेह, लघवीची नळी किंवा किमो चालू असलेल्यांना मात्र धोका असतो.

दुसरी गोष्ट छतावरच्या टाकीची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात काळ्या टाकीतले पाणी तापते आणि रात्रभर कोमट राहते. साधारण २५ ते ४५ अंशांचे पाणी लिजिओनेलाला मानवते. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात एका संमेलनाला आलेल्या माजी सैनिकांमध्ये या जंतूने न्यूमोनिया पसरवला, बरेच जण दगावले. तो शिरतो बारीक तुषारांतून, श्वासावाटे. म्हणून आमची बादली-मगची आंघोळ शॉवरपेक्षा बरी, असे आम्हाला वाटते. सुट्टीत घर बंद राहिले असेल, तर परतल्यावर नळ आणि शॉवर थोडा वेळ वाहू द्या, तोवर स्वतः न्हाणीबाहेर थांबा. टाकी आणि कूलर घासून धुवा.

बादली, मग, लोटा रात्री पालथे घाला. थर ब्रशने घासून काढा, मग ब्लीचिंगचे पाणी लावा. मात्र त्याच वेळी फरशीचे ॲसिड कधीही वापरू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत जीव गुदमरतो. वुजूत पायाच्या बोटांची खिलाल आपण करतो, नंतर बोटांमधली जागा पुसायला विसरतो. मधुमेह असलेल्यांनी ती कोरडी करावीच, आणि टाच भेगाळलेली असताना वजरी लावू नये.

खालाजानची टाच भरायला दीड महिना लागला. वजरी आम्ही फेकली. नवी आणली आहे, ती खिडकीत उन्हात असते; खालाजानला मात्र मिळत नाही, म्हणून त्या अजून रुसलेल्या आहेत.