वाढीव कामाचे पैसे कोणी सोसायचे?

२४ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले. त्यातला वाघ संगणकावर घडवणारी ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ ही कंपनी त्याच महिन्यात दिवाळखोरीत गेली होती. मंचावर चित्रपटाचे व्हिज्युअल इफेक्ट्स पर्यवेक्षक बिल वेस्टनहोफर कंपनीच्या हलाखीविषयी बोलू लागले, तेव्हा संगीत वाजवून त्यांना थांबवण्यात आले. या कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते.

व्हिज्युअल इफेक्ट्सच्या (व्हीएफएक्सच्या) धंद्यात बरेचसे काम ठरलेल्या रकमेच्या बोलीवर घेतले जाते. पाच सेकंदांच्या शॉटमध्ये साधारण १२० फ्रेम असतात. रोटो, म्हणजे पात्र पार्श्वभूमीपासून वेगळे काढण्याचे काम, करणारा कलाकार त्या प्रत्येक फ्रेमवर पात्राची कड सांभाळतो. उडते केस, हलती बोटे, प्रत्येकाचा आकार वेगळा. काम पाठवले की क्लायंटच्या कमेंट येतात. दिग्दर्शकाचे मन बदलले, तर शॉट पुन्हा पहिल्यापासून करायचा. रक्कम मात्र तीच राहते. वाढलेले काम मग कलाकाराच्या रात्री आणि रविवार खाते.

स्टुडिओ चालवणाऱ्यांची अडचण खोटी नाही. बोली वाढवली की काम दुसऱ्या देशात जाते, आणि हाती काम नसतानाही पगार, भाडे, सॉफ्टवेअरचे परवाने थांबत नाहीत. काही कलाकारांना कायम नोकरी नकोच असते. एका चित्रपटानंतर दोन महिने स्वतःचे काम करण्याची मोकळीक त्यांना मोलाची वाटते. सर्वांना एकाच हजेरीपटात बसवणारा नियम त्यांच्यावरही अन्याय करील.

पण मोकळीक कलाकाराने मागितलेली असावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. रोज स्टुडिओत येऊन, तिथल्याच वेळा पाळून काम करणाऱ्याला ‘कन्सल्टंट’ म्हणून करारावर घेतले, की हा हक्क कागदावरच राहतो. हे मला मुळीच पटत नाही. संघटना केली तर काम जाईल, ही भीतीही खरी आहे. तरी २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कामगारांनी एकमुखाने संघटनेच्या बाजूने मतदान केले. भारतातल्या कंत्राटी कलाकाराला ते पाऊल जास्त महाग पडेल, म्हणून पहिला भार त्याच्यावर टाकू नये.

तो सरकारने उचलावा. महाराष्ट्राने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. जनतेच्या पैशातून सवलत घेणाऱ्या स्टुडिओला दोन अटी घालणे जाचक नाही. कमेंटच्या किती फेऱ्या बोलीत धरल्या आहेत, हे करारात लिहावे आणि त्यापुढच्या फेरीचे पैसे क्लायंटकडून घेऊन कलाकारापर्यंत पोचवावेत. क्लायंटने बिल थकवले, तरी कलाकाराचे पैसे ठरल्या तारखेला द्यावेत. लहान स्टुडिओंना दुसरी अट जड जाईल. त्यांच्यासाठी सवलतीतलाच काही भाग पगाराची हमी म्हणून बाजूला ठेवता येईल. ज्यांना या अटी मान्य नसतील, त्यांना सवलत देऊ नये.