पायाची आग थांबली, म्हणजे बरे झाले का?

वाचकहो, साखरेचा आजार शहरातल्या शेटजींचा, असे म्हणण्याचे दिवस गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाने देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. तुमच्या गावच्या पारावर बसलेल्यांतही दोन-चार निघतील. तक्रार ठरलेली : रात्री पाठ टेकली की तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यागत होतं, अंगावरची गोधडीसुद्धा पायाला सोसत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. मग तेल लावा, गरम पाण्यात पाय बुडवा, नाहीतर दुकानातली वेदनाशामक गोळी घ्या.

या तिन्हींत शेवटची दोन घातक आहेत. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू खराब होतात, आणि सर्वांत लांबचे आधी. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून. या दुखण्यावर साधी वेदनाशामक गोळी फारशी चालत नाही. उलट मधुमेहाने आधीच दमलेल्या मूत्रपिंडावर भार टाकते. आणि बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते कळतच नाही. सकाळी फोड दिसतो तेव्हा समजते.

इलाज आहे, आणि तो महागडाच असतो असे नाही. ॲमिट्रिप्टिलीन, प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन यांपैकी एखादे औषध डॉक्टर थोड्या मात्रेने सुरू करतात. गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देऊ नका. गुंगी येते, तेव्हा ट्रॅक्टर चालवणाऱ्याने ते आधीच सांगावे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी बी-१२ची तपासणी मागून घ्यावी, कारण त्याच्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात. साखर आटोक्यात नसेल तर मात्र या गोळ्या नुसती मलमपट्टी.

आता खरी भीती. काहींची आग आपोआप थांबते आणि माणूस खूश होतो. पण तंतू मेला तरीही आग थांबते! मग बाभळीचा काटा, तुरीचं खुंट पायात शिरलेलं कळत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिले होते : बोटे रोगाने झडत नाहीत, बधिर पायाला न कळलेल्या जखमांनी जातात. पुढे अमेरिकेत तेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी कामी आले. आपल्याकडे अजून पाय कापायची वेळ आली की धावाधाव.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक सांगणे. तीस वर्षांवरील लोकांसाठी आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात तळव्याला वारंवार मुंग्या येतात का, हा प्रश्न आहे. तो नुसता खूण करून पुढे जायचा प्रश्न नव्हे. 'हो' म्हणणाऱ्याची साखर तपासली का, आरोग्य केंद्रात त्याचे मोजे उतरवून पाय कुणी पाहिले का, हे ग्रामसभेत विचारा. स्पर्श तपासायला लागतो तो एक नायलॉनचा बारीक धागा. तो आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, तेही विचारून घ्या. नसेल तर लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

आणि घरोघरी : रोज झोपण्यापूर्वी तळवे आरशात बघा किंवा नातवाला बघायला सांगा. शेतात, गोठ्यात, अंगणातही अनवाणी जाऊ नका. चप्पल घालण्याआधी झटका. भोवरी ब्लेडने कापू नका. जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नका, दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा.