आभासी जगातील खेळ

मनुष्याला प्रत्यक्ष सृष्टीची जेवढी ओढ, तेवढीच भासमान सृष्टीचीही. रंगभूमीवर ऊन नसते, पाऊस नसतो, अरण्य नसते. तरी पडदा वर गेला की प्रेक्षकाला हे सारे दिसू लागते. या जुन्याच ओढीला यंत्राची जोड मिळाली आणि अलीकडच्या काळात खेळाचा एक नवा प्रकार पुढे आला. हेडसेट नावाचे यंत्र डोळ्यांवर बांधावयाचे, दोन्ही हातांत एकेक लहानसा नियंत्रक धरावयाचा, की भोवतालची खोली नाहीशी होते. मान वळवावी तिकडे दुसरेच जग पसरलेले दिसते. कोठे खोल दरी असते, कोठे समुद्राचा तळ. आणि हात उचलला तर त्या जगातलाही हात उचलला जातो. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव, ते हेच.

मोबाइलवरील खेळ जसे घरोघरी पोचले, तसे हे खेळही पोचतील काय? ‘अवश्य पोचतील, थोडा धीर धरा,’ असे हे यंत्र बनविणारे सांगतात. मात्र हा धीर धरावयास सांगितला जात आहे, त्याला आता बरीच वर्षे लोटली.

या यंत्रामागील तत्त्व तर दीडशे वर्षांहूनही जुने आहे. मनुष्याच्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित निराळ्या बाजूंनी दिसते आणि त्या दोन चित्रांच्या मेळातून खोलीचा भास होतो, हे १८३८ साली इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन याने दाखवून दिले. दोन सपाट चित्रे दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखविणाऱ्या आपल्या उपकरणाला त्याने स्टिरिओस्कोप असे नाव दिले. १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात डेव्हिड ब्रूस्टर याने सुधारलेला स्टिरिओस्कोप व्हिक्टोरिया राणीच्या मनात भरला आणि पुढे कित्येक वर्षे युरोप-अमेरिकेतील दिवाणखान्यांत तो दिसू लागला. १९६२ साली मॉर्टन हायलिग या अमेरिकन गृहस्थाने सेन्सोरामा नावाच्या यंत्राचे पेटंट मिळविले. त्यात बसणाऱ्याला चित्राबरोबर वाऱ्याची झुळूक आणि सुगंधही मिळे, आसनही थरथरे. १९६८ साली आयव्हन सदरलँड याने संगणकाला जोडलेले, डोक्यावर घालण्याचे यंत्र तयार केले. पण ते इतके जड होते की त्याला छताचा आधार द्यावा लागे. १९९५ साली जपानच्या निंटेंडो कंपनीने व्हर्च्युअल बॉय हा खेळ बाजारात आणला. काळ्या पार्श्वभूमीवर केवळ लाल चित्रे, आणि तीही मेजावर ठेवलेल्या यंत्रात डोळे खुपसून पाहावयाची! पुष्कळांचे डोके दुखू लागले. आठ लाखांहूनही कमी यंत्रे खपली आणि वर्ष उलटण्याच्या आतच कंपनीने तो खेळ आवरता घेतला.

तरीही आशा मावळली नाही. २०१२ साली पामर लकी या तरुणाने ऑक्युलस नावाच्या हेडसेटसाठी लोकांकडे अडीच लाख डॉलर मागितले, आणि लोकांनी सुमारे चोवीस लाख दिले. दोनच वर्षांनी फेसबुकने ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरांना विकत घेण्याचे जाहीर केले. २०१६ साली तीन मोठ्या कंपन्यांचे हेडसेट एकापाठोपाठ एक बाजारात आले, तेव्हा खेळांचे नवे युग सुरू झाले असे सर्वत्र बोलले गेले.

पुढे काय झाले ते आकड्यांतच पाहावे. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन व्हीआर हा हेडसेट २०१९ अखेरपर्यंत पन्नास लाख खपला. ही संख्या लहान नाही. परंतु तो ज्याला जोडावयाचा, त्या प्लेस्टेशन ४ या यंत्राचा खप तोवर दहा कोटींच्या पलीकडे गेला होता. म्हणजे अर्धी सामग्री घरात असलेल्या वीस जणांपैकी एकानेही उरलेली अर्धी घेतली नाही. फेसबुकची मालक कंपनी २०२१ पासून मेटा म्हणून ओळखली जाते. आभासी वास्तवाचे व त्याला जोडून असलेले काम करणाऱ्या तिच्या विभागाला २०२० ते २०२४ या पाच वर्षांत साठ अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला.

याची कारणे विचारली की किंमत, वजन आणि घेरी ही तीन ठरलेली उत्तरे मिळतात. त्यांत तथ्य नाही असे नाही. घेरीचे कारण तर मोठे मनोवेधक आहे. डोळे सांगतात, ‘शरीर धावत आहे’. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते, ‘शरीर जागेवरच उभे आहे’. दोन साक्षीदारांच्या साक्षी जुळत नाहीत, आणि त्याचा त्रास बिचाऱ्या पोटाला होतो. सेकंदाला नव्वद चित्रे दाखविणारी यंत्रे आल्यापासून हा त्रास बराच कमी झाला, पुरता गेला नाही. किमतीचे म्हणावे तर २०२० साली संगणकाची गरज नसलेला हेडसेट २९९ डॉलरांना मिळू लागला होता. अडचण केवळ पैशाची असती, तर ती तेथेच सुटली असती.

खरे कारण निराळे आहे, आणि ते समजून घेण्यास चित्रपटाचा इतिहास उपयोगी पडतो. १८९४ च्या एप्रिल महिन्यात न्यू यॉर्क शहरात एडिसनच्या कायनेटोस्कोपचे दालन उघडले. हा कायनेटोस्कोप म्हणजे एक उंच लाकडी पेटी. वरच्या छिद्रातून एका वेळी एकानेच वाकून पाहावे, आत चित्र हलताना दिसे. लोकांनी गर्दी केली. परंतु २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी हलते चित्र पडद्यावर दाखविले आणि पैसे देऊन आलेल्या तीसेक माणसांनी ते एकत्र बसून पाहिले. ७ जुलै १८९६ रोजी ते मुंबईच्या वॉटसन हॉटेलातही येऊन पोचले! पेटीतील चित्र लहान आणि पडद्यावरील मोठे, हा एक भेद झाला. पण शेजारचा माणूस हसला की पाहणाऱ्यालाही हसू येते, ही गोष्ट पेटीत मावणारी नव्हती. पेट्या लवकरच अडगळीत गेल्या.

हेडसेटची जात त्या पेटीची आहे. तो घालणाऱ्याला अद्भुत दृश्य दिसते, पण शेजारच्याला दिसतो तो केवळ हवेत हात फिरविणारा मनुष्य. आंधळी कोशिंबीर खेळतानाही एकाच्या डोळ्यांवर पट्टी असतेच. मात्र तेथे उरलेल्यांचे डोळे उघडे असतात, ती मुले टाळ्या वाजवितात, चुकवितात, हसतात, आणि पट्टीची खरी गंमत तीच. येथे पट्टी आहे, पण भोवतालचे खेळात नाहीत. निंटेंडोनेच २००६ साली काढलेला वी हा खेळ याच्या अगदी उलट होता. तो साध्या दूरदर्शन संचाला जोडावयाचा आणि हात हलवून खेळावयाचा. त्यातील दृश्ये ओबडधोबडच होती. पण आजी चेंडू टाकीत आहे आणि नातवंडे मागे उभी राहून तिला चिडवीत आहेत, हे त्यात शक्य होते. तो दहा कोटींहून अधिक खपला.

ही उणीव यंत्र बनविणाऱ्यांच्या ध्यानात आलेली नाही असेही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीने ३,४९९ डॉलर किमतीचा व्हिजन प्रो हा हेडसेट आणला. त्याच्या बाहेरच्या काचेवर, आत झाकल्या गेलेल्या डोळ्यांचे चित्र उमटते. हेतू हा की, समोरच्याला आपण बंद दाराशी बोलत आहोत असे वाटू नये. आधी डोळे झाकावयाचे आणि मग झाकणावर डोळे काढावयाचे, असा हा खटाटोप आहे.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो दुबळा नाही. गोरिला टॅग नावाचा एक आभासी खेळ २०२१ पासून परदेशांतील मुलांत फार आवडता झाला. त्यात मुले माकडांची रूपे घेऊन हातांच्या जोरावर धावतात आणि एकमेकांना शिवतात. म्हणजे आपला शिवाशिवीचाच खेळ! दूरदूरच्या घरांत बसलेली मुले तेथे एकत्र जमतात, गप्पा मारतात, भांडतातही. मग त्यांना एकटी कसे म्हणावे? तसे म्हणता येणार नाहीच. ज्या मुलाच्या आसपास खेळावयास कोणी नाही, त्याला हे मोठेच वरदान होय. परंतु ज्याच्या अंगणात चार मुले उभी आहेत, त्याने घराचे दार लावून घेऊन दुसऱ्या शहरातील मुलाला शिवावयास धावावे, हा सौदा बहुतेक घरांना मानवेल असे दिसत नाही. २०२३ साली मेटा कंपनीने आपल्या हेडसेटसाठीची किमान वयोमर्यादा तेरावरून दहा वर्षांवर आणली. त्यामुळे हा प्रश्न आता वडील माणसांपुरता राहिलेला नाही.

तेव्हा हे खेळ नाहीसे होतील असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ते घरोघरी नांदतील असे म्हणणेही चुकीचे ठरेल. त्यांची जागा घराबाहेर आहे. वैमानिकाला, शल्यवैद्याला धोक्याशिवाय सराव करावयाचा असेल तर हे यंत्र अमोलच आहे. खेळापुरते पाहिले तर जत्रेतील आकाशपाळण्याला जे स्थान, तेच याला शोभते. आकाशपाळणा सर्वांना आवडतो, पण तो कोणी दारात उभारीत नाही. मोठ्या शहरांतून आता अशी खेळघरे निघाली आहेत. तेथे खेळणाऱ्याला दिसणारे दृश्य पुष्कळदा बाहेरच्या पडद्यावरही दाखवितात, आणि आपल्या पाळीची वाट पाहणारी मुले आतल्याला ओरडून सांगत असतात, ‘अरे, मागे बघ, मागे!’