तीन पायऱ्या

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल एकदाही हाती न धरलेले मूल आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शोधूनच काढावे लागेल. ही नेमाची हौस काहींच्या बाबतीत बालपणाबरोबर संपतही नाही. बुलढाण्याच्याच प्रथमेश जावकरने २०२३ साली शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या तिरंदाजाला, माइक श्लोसरला, १४९-१४८ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. तेव्हा नेमाविषयी दोन शब्द बोलण्याचा आम्हांला अधिकार आहे, असे मी धरून चालतो. फराळाच्या ताटात ही कारल्याची फोड वाढतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

माझी भाची चाकांच्या खुर्चीत बसते. पाय साथ देत नाहीत. हात मात्र असे स्थिर, की सुईत दोरा पहिल्याच खेपेला जावा. तिला मी एका नेमबाजी केंद्रात घेऊन गेलो. केंद्राचे नाव सांगत नाही, कारण हा दोष एकट्याचा नव्हे. दाराशी तीन पायऱ्या होत्या. तिथले गृहस्थ भले. त्यांनी लगोलग चार पोरे बोलावली. भाची म्हणाली, "मामा, मले उचलू नका. मी काय ज्वारीचं पोतं आहे का?" आम्ही परत फिरलो.

त्या गृहस्थांनी निरोप देताना विचारले, "असे येतात तरी किती?" हा प्रश्न मी सगळीकडे ऐकतो. दाराला कुलूप घालायचे आणि पाहुणे येत नाहीत म्हणून कुरकुरायचे, असला हा हिशेब! येणारे मोजायचे, तर आधी दार उघडले पाहिजे.

आणि खेळ तरी कोणता! धावण्याचा नव्हे, उडी मारण्याचा नव्हे. एअर रायफलचे लक्ष्य उभ्या माणसालाही दहा मीटरवर असते आणि खुर्चीतल्यालाही. दहा गुणांचा ठिपका दोघांनाही अर्धाच मिलिमीटर. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, डॉक्टर लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल येथे सोळा जायबंदी माजी सैनिकांची स्पर्धा भरवली. खेळ होता तिरंदाजी! त्याच रोपट्याचे पुढे पॅरालिंपिक झाले आणि १९७६ साली टोरोंटोत बंदुकीची नेमबाजीही त्यात आली. जयपूरच्या अवनी लेखराने खुर्चीत बसूनच २०२१ साली टोकियोत आणि २०२४ साली पॅरिसमध्ये सुवर्णपदक घेतले. तिच्यापुढे तीन पायऱ्या असत्या आणि कोणी त्या हटवल्या नसत्या, तर पदक गेले असते ते देशाचे.

खर्चाचे रडगाणे मला कोणी ऐकवू नये. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट. एकास बारा या प्रमाणाने उतार होतो अठरा फुटांचा. दार तीन फूट रुंद, आत खुर्ची वळायला पाच फूट जागा, खाली गुडघे मावतील असे एखादे मेज आणि खुर्ची आत शिरेल असे शौचगृह. गावातला गवंडी नि सुतार हे काम करून देतील. नवी इमारत असेल, तर आराखड्यावर पेन्सिलीची एक रेघ वेगळी ओढायची, इतकेच.

मी भीकही मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. खेळांच्या सोयी दिव्यांगांसाठी नव्याने रचून द्याव्यात, असे त्याचे तिसावे कलम सांगते. कायद्याने हक्क म्हटले, त्याला आपण दया म्हणतो आणि वर आभाराची अपेक्षा धरतो! चार पोरांनी उचलून नेण्यात माणुसकी आहे, हे मला मान्य आहे. पण ती चार पोरे रोज कुठून आणायची? आणि ज्या दिवशी ती येणार नाहीत, त्या दिवशी खेळाडूने घरी बसायचे काय?

परवा अंगणात पोरांनी मातीचा किल्ला केला. दरवाज्यापर्यंत त्यांनी छान उतरती वाट काढली होती. "पायऱ्या का नाही रे?" मी विचारले. "मग तोफा वर कशा न्यायच्या?" पोरे म्हणाली.

आठ वर्षांच्या पोरांना तोफेच्या चाकांची काळजी आहे. मोठ्यांनी माणसांच्या चाकांची करावी, एवढेच माझे मागणे.