कबंधाचे डोके

गुळगुळीत कागदावरच्या पौराणिक पुस्तकांशी माझे वैर आहे. ते जाहीर करून टाकलेले बरे, नाहीतर एकसष्टीला कोणीतरी आणखी एक आणून द्यायचे.

परवा पुतण्याने पोरासाठी रंगीत रामायण आणले. वजन दीड किलो. किंमत सांगायला तयार नाही. राम, वाली, रावण सगळे एकाच तालमीतले. वाल्मीकींचा कबंध म्हणजे डोके नाही, मान नाही, तोंड पोटात, छातीवर एकच डोळा, योजनभर लांब हात. इथे त्याच्याही पोटावर पीळदार सहा वड्या! मग तोंडाला जागा कुठली? चित्रकाराने सरळ खांद्यावर डोके बसवून दिले.

माझा कबंध वाशीमच्या बाजारातला. बालाजीच्या देवळाकडे जाताना रस्त्यावरच्या पथारीवरून आजीने घेतलेली श्रीधराच्या ‘रामविजया’ची सचित्र पोथी. पिवळा कागद, फुटलेली शाई, आणि कबंध हुबेहूब सरकीचे पोते. आजीला अक्षरओळख नव्हती. वाचायचे मी, चित्रे बघायची तिने. “काऊन रे, याले त डोस्कंच नाही! मंग थो टोपी कुठी घालते?” या एका प्रश्नावर आम्ही दोघांनी अख्खा उन्हाळा काढला.

पुतण्या म्हणतो, “काका, चित्रं टुकार होती, कबूल करा.”

होतीच! चीनचे थोर लेखक लू शुन यांनाही लहानपणी ‘शान हाय चिंग’ची, म्हणजे डोंगर-समुद्रांच्या प्राचीन पोथीची सचित्र प्रत हवी होती. घरातल्या विद्वानांकडून काही मिळाली नाही. आणली ती निरक्षर दाईने, तीही पोथीचे नाव चुकीचे उच्चारत. छपाई इतकी भिकार की जनावरांचे डोळेसुद्धा चौकोनी! पुढे त्यांनी बऱ्या छपाईची प्रत विकत घेतली. पण 1926 साली लेख लिहिला तो दाईवर आणि तिच्या प्रतीवर.

त्या पोथीतही आमच्या कबंधाचा चुलतभाऊ आहे. शिंग थ्येन. स्तनांचे डोळे, बेंबीचे तोंड, हातात ढाल-कुऱ्हाड. मूळ मजकूर तुटपुंजा: प्राणी राहतो कुठे, दिसतो कसा, खाल्ल्यास काय होते. एकाचे मांस खाल्ले की मत्सर जातो म्हणतात. (आमच्या गल्लीत मिळत नाही.) सगळ्यात जुनी चित्रे तर हरवलीच, नंतरच्यांनी मजकूर वाचून आपापल्या अकलेने काढली. आता तिकडेही झगझगीत रंगीत आवृत्त्या आल्या आहेत, खवलान् खवला दाखवणाऱ्या. म्हणजे पोराने करायचे काय? पाने उलटायची.

आमच्याही पोराने तेच केले. एकदासुद्धा काही विचारले नाही. मग मी त्याला खरा कबंध सांगितला. तो मुकाट उठला, गोंद आणला आणि त्या देखण्या डोक्यावर वहीचा कागद चिकटवला. पोटावर स्केचपेनने जबडा काढला, दातांसकट.

पुतण्याने किंमत तेव्हा सांगितली.