डॉक्टर फोनवर चालेल, परिचारिका शेजारी हवी

टेलिमेडिसिन म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : अंगाला हात न लावता डॉक्टर औषध कसे देणार? प्रश्न रास्त आहे. पण दवाखान्याच्या प्रत्येक फेरीत डॉक्टर अंगाला हात लावतोच असेही नाही. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड हे आजार वर्षानुवर्षे सोबत राहतात. त्यांचे निदान एकदा होते. पुढच्या बऱ्याचशा फेऱ्या रक्तदाबाचा किंवा साखरेचा आकडा दाखवून गोळी कमी-जास्त करून घेण्यासाठी असतात. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात टेलिमेडिसिनने वाचवायच्या त्या या फेऱ्या.

इथे एक फेरी काय भावाने पडते ते पाहा. देवबागच्या माणसाला जिल्हा रुग्णालय गाठायचे तर एसटीने मालवण आणि तिथून कसालमार्गे ओरोस. त्यापुढचा तज्ज्ञ हवा असेल तर घाट चढून कोल्हापूर किंवा हद्द ओलांडून गोव्यातले बांबोळी. मासेमारीवर जाणाऱ्याचा त्यात एका दिवसाचा रोजगार बुडतो. अनेक घरांत म्हातारा-म्हातारी दोघेच असतात आणि मुलगे मुंबईत चाकरमानी. सोबत कोण जाणार? मग फेरी पुढे ढकलली जाते आणि गोळ्या संपतात. उच्च रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे गोळी थांबल्याचे काही जाणवतही नाही. जाणवते ते एके सकाळी हात उचलेनासा झाला की. चुकलेल्या फेरीची किंमत कधीकधी पक्षाघात असते.

जिल्ह्याला हे तंत्र नवे नाही. सुमारे दोन दशकांपूर्वी इस्रोच्या उपग्रहाच्या मदतीने राज्यातली पाच जिल्हा रुग्णालये मुंबईच्या केईएमशी जोडली गेली, त्यांत सिंधुदुर्गचे होते. तेव्हा त्यासाठी खास यंत्रणा आणि वेगळी खोली लागे. आज तेच काम साध्या मोबाइलवर होते. मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. ती मोफत आहे आणि दोन प्रकारांनी चालते. एकात रुग्ण घरून थेट डॉक्टरशी बोलतो. दुसऱ्यात तो गावातल्या आरोग्य केंद्रात जातो आणि तिथला समुदाय आरोग्य अधिकारी त्याला दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो.

आपल्याकडे भर हवा तो या दुसऱ्या प्रकारावर. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या आजीला अॅप उघडता येणार नाही आणि स्वतःचा रक्तदाबही मोजता येणार नाही. शेजारी प्रशिक्षित माणूस असेल तर तो रक्तदाब आणि साखर मोजतो, पायाची सूज पाहतो, डॉक्टरने सांगितलेले आजीला मालवणीत समजावतो आणि गोळ्या हातात देतो. अंगाला हात लावण्याचा प्रश्न इथे बराचसा सुटतो.

डॉक्टरांचाही यात फायदा आहे. तज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागातली ‘त्याच गोळ्या चालू’वाल्यांची गर्दी घटली तर नव्या रुग्णाला तपासायला वेळ मिळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने रात्र काढणाऱ्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला तर हा मोठाच आधार. गोव्याच्या ‘स्टेमी’ प्रकल्पात छोट्या रुग्णालयात काढलेला ईसीजी हृदयरोगतज्ज्ञ दूर बसून वाचतो. झटका निश्चित झाला की गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देता येते, मग रुग्ण पुढे हलवता येतो. हृदयाच्या झटक्यात हे वाचलेले मिनिटच जीव वाचवते.

कायद्याची भीती मात्र अनेक डॉक्टरांच्या मनात आहे. 2018 मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात प्रत्यक्ष न तपासता फोनवर उपचार सांगितल्याच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोन उचलायलाच डॉक्टर कचरू लागले. 25 मार्च 2020 रोजी केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले आणि चित्र बरेच स्पष्ट झाले. फोनवरचा सल्ला पुरेसा आहे की प्रत्यक्ष तपासणी हवी, हे डॉक्टरने ठरवायचे. सल्ल्याची नोंद ठेवायची, नोंदणी क्रमांकासह चिठ्ठी द्यायची. अंमली पदार्थ कायद्याखाली येणारी औषधे सर्वसाधारणपणे यातून लिहिता येत नाहीत. ओळखीच्या डॉक्टरने घाईत सांगितलेले गोळीचे नाव म्हणजे टेलिमेडिसिन नव्हे.

आणि काही ठिकाणी फोन हातात घेण्यात वेळ घालवूच नये. छातीत दुखणे, श्वास लागणे, अचानक तोंड वाकडे होणे, सर्पदंश : इथे 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आणि जवळचे रुग्णालय, एवढेच. पावसाळ्यातला ताप हे आपल्या जिल्ह्याचे खास दुखणे. शेतात उतरणाऱ्याला लेप्टो, दोडामार्गकडे 2016 पासून माकडताप. असा ताप व्हिडिओवर ओळखता येत नाही. त्याला रक्ततपासणीच लागते.

मग करायचे काय? ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या तज्ज्ञांनी आठवड्यातली ठरावीक वेळ गावच्या आरोग्य केंद्रांना द्यावी आणि ती वेळ त्यांच्या बाह्यरुग्ण विभागाच्या कामात मोजली जावी. रक्तदाबाचा वार कुठला, मधुमेहाचा कुठला, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून केंद्रात बॅटरी आणि साध्या फोनची पर्यायी सोय हवी. नियम आवाजावरच्या सल्ल्यालाही परवानगी देतात. मधुमेह्याचे डोळे आणि पाय वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष तपासले जावेत, हे वेळापत्रकातच असावे.

पहिली भेट समोरासमोर, मधल्या भेटी गावच्या केंद्रातून आणि काही बिघडले तर पुन्हा समोरासमोर, एवढे साधे सूत्र पुरेसे आहे. त्यासाठी नवे अॅप नको. केंद्रातली समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची खुर्ची भरलेली आणि ओरोसच्या डॉक्टरची वेळ पक्की, एवढे झाले तरी पुष्कळ.